पंतांच्या पानाच्या डब्यातली सहावी वाटी

श्रीवर्धनात कुणाच्याही ओटीवर जा, पहिल्यांदा तुमच्यापुढे पानाचा डबा सरकतो. पाणी विचारायला एखादा विसरेल, सुपारी विचारायला विसरणार नाही. गावाचं पोटच सुपारीवर आहे. पंतांच्या ओटीवरही डबा सरकायचा. पितळेचा, चिंचेने घासून लख्ख केलेला, आत सहा वाट्या. चुना, कात, कातरलेली सुपारी, वेलदोडे, बडीशेप, आणि सहाव्या वाटीत, जिथे चारचौघांच्या घरी लवंगा असतात तिथे, पंतांच्या पाठीच्या गोळ्या. पांढऱ्या, चपट्या, मधोमध रेघ असलेल्या. "घ्या हो, संकोच कसला?" असं म्हणून पंत ती वाटी पुढे करायचे. "मान आखडलेली दिसतेय तुमची. टाका एक तोंडात. सायन्स आहे हे, सायन्स!"

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तो नियम पाळायचा तर पंतांबद्दल मला तोंडच उघडता येणार नाही. तेव्हा नियम राहू दे बाजूला. मी त्या वेळी गावातल्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. मिक्श्चरच्या बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवणं, खलात पूड करणं, पुड्या बांधणं, इंजेक्शनच्या सुया उकळणं, ही माझी कामं. आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिली. दारुडे पाहिले, लबाड पाहिले, बायकोचं औषध स्वतः पिणारे पाहिले. पण ज्याचं नाव काढलं की अजून माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं असा माणूस एकच, पंत.

मुंबईच्या कुठल्याशा सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागे पेन्शनीत निघाले आणि गावी येऊन वाडीवर बसले. वाडी वडिलांची. पाचसहाशे पोफळी, मधे मधे माड, एक विहीर, रहाट. यातलं एक झाडही पंतांनी लावलेलं नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. तरी भर उन्हात काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घालून वाडीत उभे राहायचे आणि जन्मभर पोफळी शिंपलेल्या माणसांना शिंपणं कसं करावं ते शिकवायचे. "आमच्या कचेरीत असं चाललं नसतं," हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून वीसदा यायचं. कचेरीत काय चालत होतं देव जाणे. पंतांसारखा माणूस तिथे तीस वर्षं टिकला, यावरून अंदाज करावा.

गोळ्यांची गोष्ट सुरू झाली तीही अशाच शहाणपणातून. एकदा बायका सुपारीच्या पाट्या उचलत होत्या. पंतांना ते बघवेना. "अगं, कमरेतून वाकू नका, उसण भरेल! भार कसा उचलावा याचं शास्त्र आहे. मी दाखवतो." असं म्हणून ते कमरेतून वाकले, पाटीला हात घातला, आणि तिथेच राहिले. ना वर, ना खाली. उसण अशी भरली की तोंडातून शब्द फुटेना. आणि पंतांच्या तोंडून शब्द फुटत नाही म्हणजे दुखणं खरंच भारी असणार. शेवटी गड्यांनी त्यांना तसेच वाकलेले उचलून घरी आणलं. बाया पदरात तोंड खुपसून हसत होत्या. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण इतक्या जणांनी इतक्या आवडीने सांगितलंय की पाहिल्यासारखंच आहे.

आमच्याकडे उसण भरली की आधी पायाळू माणसाला बोलावतात. जो पायाकडून जन्मला त्याचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असा समज. काकूंनी, म्हणजे पंतांच्या बायकोने, शेजारच्या पायाळू म्हातारीला बोलावणं धाडलं. म्हातारी आली तेव्हा पंत घडवंचीला धरून ओणवे उभे. तशा अवस्थेत त्यांनी तिला विज्ञानावर व्याख्यान दिलं. "लोक रॉकेटं सोडताहेत आणि तू लाथ मारायला आलीस? चल, चालती हो!" म्हातारी जाताना म्हणाली, "ऱ्हा मग तसाच." गावात पंतांना एवढं नेमकं उत्तर दुसऱ्या कुणी दिल्याचं मला आठवत नाही.

मग डॉक्टर आले. डॉक्टर आमचे वयाने लहान, बोलायला मऊ, पण औषधाच्या बाबतीत करडे. त्यांनी पाठ दाबून पाहिली, पायाला मुंग्या येतात का विचारलं, आणि म्हणाले, "हाड बरं आहे. स्नायू आखडलाय. शेक, फळीवर झोप, आणि या गोळ्या. नवीन निघाल्यात, आखडलेला स्नायू सैल करतात." दहा गोळ्या, जेवणानंतर एकेक, पाच दिवस. मग त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं, "गोळीने गुंगी येते, अंग ढिलं पडतं, तोल जातो. गोळी चालू असेतो विहिरीच्या काठाला जायचं नाही. शिडीवर चढायचं नाही. होडीत बसायचं नाही. दारूचा थेंब नाही. झोपेचं किंवा दुसरं काही औषध चालू असेल तर आधी मला सांगायचं. पाठ सुटली की हळूहळू चालायला लागायचं, गोळीच्या जिवावर नाही. आणि उरल्या तर मला परत. दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत, घरच्यालासुद्धा नाही." हे सगळं मी पुडीवर माझ्या अक्षरात लिहून दिलं. पंतांनी ते वाचलं आणि म्हणाले, "मजकूर बरा आहे, पण 'दुसऱ्या'ला रफार कशाला दिलात?" मी दिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी पंतांची पाठ सुटली. झालं! अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले. शेकाचं श्रेय नाही, फळीचं नाही, काकू दिवसातून चारदा विटा तापवत होत्या त्यांचं तर नाहीच. सगळं श्रेय गोळीला, आणि गोळी ओळखली म्हणून पंतांना. ओटीवर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "स्नायू म्हणजे खालचे कारकून. अडून बसतात. गोळी म्हणजे साहेबाचा हुकूम. वरून हुकूम सुटला की फाइल हलते!"

एकदा हे डॉक्टरांच्या कानावर पडलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "पंत, अडून बसलेला कारकून एकच असतो. हुकूम मात्र सगळ्या कचेरीला जातो. डोक्यालासुद्धा."

"तेच तर!" पंत म्हणाले. काय "तेच तर", डोंबल? ऐकून घेणं हा प्रकार त्या माणसाच्या ठायी नव्हताच.

आता इथे मला माझं सांगायला हवं. दहा गोळ्या पाच दिवसांत संपल्या. मग महिना दोन महिने पंतांच्या डब्याची सहावी वाटी भरलेली कशी राहिली? मी भरली. डॉक्टर व्हिजिटला गेले की पंत दवाखान्याच्या खिडकीशी यायचे. "काय छोटे डॉक्टर! अहो, खरा दवाखाना तुम्हीच चालवता, आम्हाला का कळत नाही?" मला कळत होतं की हा माणूस मला चढवतोय. कळत असूनही मी चढत होतो. मॅट्रिकला दोनदा बसलेल्या माणसाला कुणी डॉक्टर म्हटलं की त्याचा हात बरणीकडे आपोआप जातो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी त्यांना आधी सहा, मग बारा, मग पुन्हा बारा गोळ्या दिल्या. पंतांची पाठ तेव्हा तुमच्याआमच्यासारखी ठणठणीत होती. गोळ्या पानाच्या डब्यासाठी लागत होत्या, हे मी त्यांच्या ओटीवर डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी दिल्या.

गोळ्यांचा पहिला तमाशा देवळात झाला. पंत दारूबंदीचे कडवे पुरस्कर्ते. हातभट्टीवाल्यांना भर चौकात फोडून काढावं, असं त्यांचं मत. पण संध्याकाळी "शक्तीसाठी" म्हणून वैद्याचं द्राक्षासव पाऊण पेला घ्यायचे. द्राक्षासवात काय असतं ते त्यांना कुणी सांगायला गेलं की, "ते आयुर्वेद आहे," असं उत्तर. त्या दिवशी आसव झालं, वर मानेला आराम म्हणून एक गोळी झाली, आणि पंत कीर्तनाला पहिल्या रांगेत जाऊन बसले. बुवा आख्यानाच्या रंगात आले, तसे पंत डोलू लागले. बायका म्हणाल्या, काय तल्लीन झालेत! डोलता डोलता ते पुढे कलंडले ते थेट बुवांच्या पायावर. बुवांनी चिपळ्या थांबवून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात पंत घोरले.

दुसऱ्या दिवशी काकू घाबरून दवाखान्यात आल्या. सकाळचे नऊ वाजले तरी पंत धड उठत नव्हते. डॉक्टर मला घेऊन गेले, त्यांनी पंतांना तपासलं आणि ते शुद्धीवर आल्यावर त्यांना चांगलं झापलं. "आसव आणि ही गोळी एकत्र? जास्त झालं असतं तर श्वास मंदावला असता. मेला असतात पंत, कीर्तनात! आणि गोळ्या अजून आहेत कशा तुमच्याकडे?"

"उरलेल्या," पंत म्हणाले. डोळा न लवता. मी शेजारी बॅग धरून उभा होतो. मी बॅगेच्या बकलाकडे बघत राहिलो.

दिवाळी उलटली की सुपारीचा पाड, म्हणजे झाडावरचे पिकलेले घड उतरवणं, सुरू होतो. पंतांच्या वाडीत पाडाला धर्मा यायचा. चाळिशीचा, सुका, काटक, बोलणं कमी. पायात दोरीचा फास अडकवून माकडासारखा वर जायचा. पण खरी करामत पुढे. पोफळीचं झाड उंच आणि बारीक. एका झाडाचा घड उतरवून झाला की धर्मा खाली उतरत नसे. वरच्या वर झाडाला झोके द्यायचा. झाड वाकत वाकत शेजारच्या पोफळीपाशी जायचं, आणि हा एका हाताने ती धरून इकडचं झाड सोडून द्यायचा. अशी आठदहा झाडं जमिनीला पाय न लावता. दुसरं झाड धरलंय आणि पहिलं अजून सोडलेलं नाही, त्या क्षणाला माणूस निव्वळ हातांच्या पकडीवर असतो. खाली त्याची बायको भागी घड गोळा करायची. ती कधी वर बघत नसे.

पाडाच्या पहिल्या दिवशी वाडीवाल्याने पाडणाऱ्याला आपल्या हाताने विडा द्यायचा, त्याने तो तोंडात घालायचा आणि मग झाडाला हात लावायचा, अशी रीत. तो विडा कुणी नाकारत नाही. थुंकूनही टाकत नाहीत, तो गिळायचा.

त्या वर्षी धर्माच्या पाठीत चार दिवस चमक होती. त्याच पायाळू म्हातारीचा पाय लावून घेतला होता, बायकोने निर्गुडीचा शेक दिला होता, आणि बरंच उतरलं होतं. विडा घेताना तो नुसता एवढंच म्हणाला, "जरा चमक हाय पाठीत, मालक. पन होईल."

एवढं पुरे होतं. पंतांनी सहावी वाटी उघडली. एक नाही, दोन गोळ्या विड्यात घातल्या. "तुम्हा लोकांची अंगं राकट, एकीने काय होणार? बघ, पाखरासारखा उडशील!" धर्माने विडा तोंडात घातला. कडू लागला असणार. मालकाच्या हातचा होता, गिळला. हे मला मागाहून भागीने सांगितलं.

तासाभरात हाकाटी झाली. दवाखाना जवळच; डॉक्टर आणि मी धावत गेलो. धर्मा चौथ्या झाडावरून पाचव्यावर जाताना सुटला होता. झाडाने हिसका दिला, आणि त्याला पकड राखता आली नाही. पाटाच्या चिखलात पडला म्हणून जिवंत. मांडीचं हाड मोडून पाय भलतीकडेच वळला होता. तो ओरडायचा, आणि ओरडता ओरडता मधेच त्याची मान कलायची, डोळे मिटायचे. पुन्हा कळ, पुन्हा ओरडणं, पुन्हा गुंगी. मोडलेल्या हाडाने माणूस झोपत नाही हे मलाही कळत होतं.

डॉक्टरांनी त्याच्या पापण्या उचलून पाहिल्या, डोकं चाचपलं. "डोक्याला मार दिसत नाही. मग ही गुंगी कसली?" असं पुटपुटत ते मला म्हणाले, "मॉर्फिया भर." हाड सरळ करायचं तर कळ मारायला हवी होती. मी सिरिंज भरायला घेतली. तेवढ्यात ते थांबले आणि सगळ्यांकडे बघत त्यांनी विचारलं, "याने काही घेतलंय का? कुणी काही दिलंय याला? नीट सांगा. त्यावर हे इंजेक्शन गेलं तर याचा श्वास थांबेल."

पंत विहिरीच्या कठड्यापाशी उभे होते. डबा कठड्यावर उघडाच होता. सहावी वाटी रिकामी होती, आणि पंतांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता, मूठ वळलेली. ते मी स्पष्ट पाहिलं.

"छे, छे!" पंत म्हणाले. "मी कशाला काय देतोय? विडा दिला. रीत आहे ती. पहाटे ताडी ढोसून आला असेल, या लोकांचं काय सांगावं!"

त्या माणसाबद्दल आधी मला तिटकारा होता. त्या वाक्यानंतर किळस आली. एक माणूस चिखलात पाय मोडून पडलाय, त्याचा जीव एका "हो"वर आहे, आणि हा कोटाची इस्त्री सांभाळतोय! असं म्हणायला मला काय जातं? पुढच्याच क्षणी डॉक्टर माझ्याकडे वळले. "आपण पंतांना दहाच गोळ्या दिल्या होत्या ना? दोन महिन्यांमागे?"

"दहाच," मी म्हणालो.

सिरिंज माझ्या हातात भरलेली होती. डॉक्टरांनी हात पुढे केला. मी ती त्यांच्या हातात दिली. दिली हो, मी दिली.

"दोन गोल्या दिल्यान." भागी बोलली. ती नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि कुणाकडेही बघत नव्हती. "पांढऱ्या. इड्यात घालून. माज्या समोर दिल्यान. माज्या न्हवऱ्यानं ताडी न्हाय घेतली."

"चुना असेल तो," पंत म्हणाले. "अडाणी बाई, तिला काय समजतंय?"

डॉक्टरांनी एकदा पंतांकडे पाहिलं, एकदा भागीकडे. मग सिरिंज माझ्या हातात परत दिली. "ठेव ती." मॉर्फियाशिवायच त्यांनी पाय सरळ केला. बांबूच्या कांबी आणि पोफळीच्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाची चिवट सालं, लावून बांधला. धर्माची किंकाळी समुद्रापर्यंत गेली असेल. मग डॉक्टर दुपारपर्यंत त्याच्या शेजारी चिखलात बसून घड्याळ धरून श्वास मोजत राहिले, त्याला हलवून हलवून जागा ठेवत. मधे दोनदा श्वास इतके मंद झाले की त्यांनी त्याला बसता केला. पंत केव्हाच घरी गेले होते. जेवायची वेळ झाली होती ना!

दुसऱ्या दिवशी धर्माला दिघीपर्यंत लॉरीतून आणि तिथून लाँचने मुंबईला नेलं. दिघीच्या धक्क्यावरून परत येताना डॉक्टर मला म्हणाले, "ते इंजेक्शन दिलं असतं तर तो शांत झोपला असता. मला वाटलं असतं, बरं झालं, कळ थांबली." एवढंच. आणि मला विचारलं नाही की त्या दोन गोळ्या आल्या कुठून. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी आपण होऊन बोललो नाही.

तीन महिन्यांनी धर्मा परत आला. एक पाय अडीच बोटं आखूड. पोफळीला हात लावायचं नाव नाही. त्याचं झोपडं पंतांच्या वाडीच्या कडेलाच, पंतांच्या जागेत. मुंबईच्या ऑपरेशनची जखम अजून भरली नव्हती, तिची पट्टी बदलायला मी जात असे. एका दुपारी मी तिथे असताना दारात छत्री टेकल्याचा आवाज झाला. पंत. कोट, टोपी, हातात नारळ. गावात कुजबुज सुरू झाली होती, देवळाच्या उत्सवाच्या मंडळींनी त्यांना मानाच्या जागेवरून वगळायचं घाटलं होतं, आणि पंतांना तेवढं मात्र लागलं होतं.

भागीने चहा केला. पंत त्यांच्या घरचा चहा पिणार नाहीत हे तिला ठाऊक होतं, तरी एक कप त्यांच्यापुढे ठेवला, एक माझ्यापुढे. पंतांनी घसा खाकरला. "धर्मा, लोक काहीबाही बोलतात. मी म्हटलं, समक्षच विचारावं. कंपाउंडरही आहेत, साक्षीला बरं. तूच सांग, मी तुला काही गोळ्याबिळ्या दिल्या होत्या का रे? तुझा तोल गेला, होतं असं कधी कधी. काय?"

धर्मा बसल्या जागी आपल्या आखूड पायाकडे बघत राहिला. मग झोपडीच्या कुडाकडे. "न्हाय मालक," तो म्हणाला. "तुमी कशाला द्याल?"

पंतांचा चेहरा खुलला. "बघा! ऐकलंत ना कंपाउंडर?" त्या माणसाचा पाय अधू झाला, रोजी गेली, आणि हा त्याच्याकडून त्याच्याच तोंडाने निर्दोष ठरवून घेऊन उठत होता. ते मला असह्य झालं. एरवी काय काय सहन करतो आपण, पण ते नाही झालं.

"दिल्या होत्या," मी म्हणालो. "दोन. मी खिशातली मूठ पाहिली, पंत. आणि त्या तुमच्याकडे उरलेल्या नव्हत्या. डॉक्टरांच्या मागे मीच दिल्या होत्या, तीस गोळ्या, चिठ्ठीशिवाय. गावात जाऊन सांगणार आहे. डॉक्टरांनाही आजच सांगणार आहे."

पंत लाल झाले, मग पांढरे. "तुमची पायरी ओळखा," एवढं म्हणाले, नारळ खाली ठेवला आणि छत्री काखेत मारून निघून गेले. त्यानंतर ते माझ्याशी मरेपर्यंत बोलले नाहीत. डब्यात पुन्हा लवंगा आल्या, असं ऐकलं. मानाची जागा मात्र गेली ती गेलीच.

पण ते सगळं पुढचं. त्या घटकेला माझा ऊर भरून आला होता. खोटं कशाला सांगू, वाटलं, केलं आपण काहीतरी. या गरिबांच्या बाजूने कुणी बोललं नव्हतं, आपण बोललो. मी धर्माकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. मग भागीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि मला वाटलं, आता ही हात जोडेल.

"तीस दिल्यात?" ती म्हणाली.

"हो."

"आन् डाक्टर सुई मागत व्हते तवा तुमाला ठाव व्हतं?"

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"सुई तुमीच दिली डाक्टरांच्या हातात. मी बघत व्हते." तिचा आवाज चढलेला नव्हता. "मंग तवा का न्हाय बोललात, कंपाउंडरदादा?"

तिने पंतांपुढचा न शिवलेला कप उचलला, माझ्यापुढचा अर्धा प्यालेलाही उचलला, आणि दोन्ही नेऊन अंगणाच्या कडेला ओतले.